‘वेव्ह’ ऐकताना

रविवार, रात्र

आज दुपारपासून ब्राझीलचे संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम यांचा ‘वेव्ह’ ऐकते आहे. 1967 सालचा हा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, आणि नाव ‘लाट’ असूनही त्यात समुद्र कुठेही दाखवलेला नाही. लाटांचा ध्वनिमुद्रित आवाज नाही, मुखपृष्ठावर पीट टर्नर यांनी टिपलेला धावता जिराफ आहे, आणि एका गाण्याचा अपवाद सोडला तर शब्दही नाहीत. तरीसुद्धा प्रेम आणि समुद्र यांना इतके जवळ आणणारे दुसरे संगीत माझ्या ऐकण्यात नाही. हे कशामुळे घडते, ते आज नीट लिहून ठेवायचे आहे.

माझे बालपण रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर गेले. समुद्राकाठी राहणारी माणसे त्याच्याकडे सारखी पाहत बसत नाहीत. गाज कानावर असतेच, आणि भरती-ओहोटीच्या वेळा अंगवळणी पडलेल्या असतात. जोबिम यांचा समुद्र मला असा रोजच्या सहवासातला वाटतो. त्यांचा जन्म 1927 मध्ये रिओ द जानेरोच्या तिजुका भागातला, पण ते वाढले इपानेमाला. सांबा आणि जॅझ यांच्या मेळातून घडलेल्या बोसा नोव्हा या ब्राझीलच्या संगीतशैलीची किती तरी गाणी त्या काळात इपानेमा आणि कोपाकबानाच्या किनाऱ्यालगतच्या घरांमधून जन्माला आली, आणि बंद खोलीतही वाजवता येईल असा हळुवार ठेका हे त्या संगीताचे वैशिष्ट्य ठरले.

शीर्षकरचना मी आज स्वर मोजत ऐकली. जॅझमधल्या बहुतेक लोकप्रिय चाली आठ-आठ मात्राखंडांच्या (ठरावीक मात्रांच्या तुकड्यांच्या, म्हणजे ‘बार’च्या) चार भागांत बसतात. इथे मुख्य भाग बारा खंडांचा आहे आणि तो तीनदा येतो, मधला भाग आठांचा आणि एकदाच, म्हणजे एक आवर्तन चव्वेचाळीस खंडांचे होते. सवयीने कान आठव्या खंडानंतर मुक्कामाची अपेक्षा करतो, पण चाल तिथे थांबत नाही, आणखी पुढे सरकते. किनाऱ्याला लागली असे वाटलेली लाट पुढे पुळणीवर पसरत जावी तसे ते होते. आपल्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या स्वरमेळात, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, शुद्ध गंधार आहे, आणि भागाच्या अखेरीला, षड्ज तोच ठेवून, गंधार कोमल होतो. आनंदाने सुरू झालेले वाक्य असे दर वेळी किंचित हुरहुर लावून संपते. मधल्या आठ खंडांत एक स्वरवाक्य येते आणि लगेच तेच पूर्ण एक स्वर खाली पुन्हा येते. तिथे मला ओहोटीचा स्पष्ट भास होतो. समुद्राचे वर्णन करण्यापेक्षा त्याची हालचाल चालीच्या बांधणीतच ओतणे कितीतरी अवघड आहे, आणि जोबिम यांनी ते इतक्या सहज केले आहे की आधी लक्षातही येत नाही.

हे सारे ध्वनिमुद्रित झाले ते मात्र रिओपासून फार दूर, न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स येथे, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या उंच लाकडी छताच्या स्टुडिओत, 1967 च्या मे आणि जून महिन्यांत. निर्माते क्रीड टेलर होते आणि वाद्यवृंदाची रचना क्लाउस ओगरमन यांची होती. ओगरमन यांची व्हायोलिने चाल झाकून टाकत नाहीत. ती मागून येतात, क्षणभर भरतात आणि निघून जातात. तळाशी रॉन कार्टर यांचा बास शांतपणे आधार देत राहतो. स्वतः जोबिम पियानो वाजवतात तेही अत्यंत काटकसरीने, अनेकदा एका वेळी एकच स्वर. दोन स्वरांमध्ये त्यांनी मोकळी सोडलेली जागा मला या अल्बममधली सर्वांत प्रेमळ गोष्ट वाटते. प्रेमात पडलेला माणूस समोरच्याला बोलायला अवसर देतो, तसा हा पियानो वाजतो.

‘अँटिग्वा’ कॅरिबियन बेटाचे नाव घेऊन येते, तर ‘मोहावी’ चक्क वाळवंटाचे. पण ठेका त्याच किनाऱ्याचा राहतो. ‘लुक टू द स्काय’ मधला ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य, इतका मृदू आहे की हे वाद्य मिरवणुकीतही वाजते याचा विसर पडतो. ‘ट्रिस्टे’ चे नाव दुःखी असले, तरी त्याची चाल हलक्या पावलांनी चालते.

शीर्षकरचनेला जोबिम यांनी शब्दही दिले, पोर्तुगीजमध्ये आणि इंग्रजीत. एकट्याने सुखी होता येत नाही, हा त्यांचा आशय. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांनी 1969 मध्ये ते गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि त्यात त्यांनी लावलेला अतिखर्ज ऐकण्यासारखा आहे. तरीही मला शब्दांवाचूनची ही मूळ रचना अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात प्रेम कबूल करण्याची घाई नाही.

शब्द येतात ते फक्त ‘लामेन्तो’ मध्ये, ब्राझीलचे कवी व्हिनिसियुस द मोराएस यांचे, आणि गातात स्वतः जोबिम. आवाज कमावलेला नाही, थोडा खरखरीत आहे. इतका वेळ वाद्यांनी जे सांगितले ते सांगणारा माणूस कोण होता, हे त्या अडीच-तीन मिनिटांत अचानक कळते, आणि आज तिथे मला पुढे लिहिणे थांबवावे लागले.

हे संगीत लिफ्टमध्ये आणि हॉटेलांच्या दालनांत वाजवून वाजवून पार्श्वभूमीचे ठरवले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते मंद आवाजात वाजते, म्हणून त्याकडे कमी लक्ष द्यावे असा त्याचा अर्थ होत नाही. उद्या ताईला हा अल्बम पाठवणार आहे. पहिल्या ऐकण्यात फक्त बास ऐक, दुसऱ्यात फक्त व्हायोलिने, आणि मग डोळे मिटून सगळे एकत्र, असे तिला लिहीन.