बिस्किट, मीटिंग आणि दुधाची दाढ

काल रात्री लेक आ करून उभी राहिली, आई ही दाढ हलतेय बघ. खालची, डावीकडची, काळा डाग असलेली. मला एकदम २०२० आठवलं.

तेव्हा ती तीन वर्षांची होती. भांडुपला आमचं वन रूम किचन, त्यात आम्ही दोघं, सासूबाई आणि ती. लॉकडाऊन लागलं, नवऱ्याचा पगार अर्ध्यावर आला आणि माझं ऑफिस ओट्याशेजारच्या स्टुलावर. मी कॉलवर असताना ती रडायला लागली की सासूबाई पटकन तिच्या हातात बिस्किट द्यायच्या, चहात बुडवून, आणि ती गप्प व्हायची. त्यांना मी कधीच दोष देणार नाही, माझी नोकरी टिकावी म्हणूनच करत होत्या त्या. बरं, सुटलेली दुधाची बाटली परत सुरू केली ती मीच, कारण रात्री आम्ही घरभाड्यावरून कुजबुजत भांडायचो आणि ती उठून बसायची, मग बाटली दिली की झोपायची. ब्रशसाठी रोज रडारड, अंगात त्राण नसायचं, म्हणायचे जाऊदे आज.

एक दिवस ती फक्त उजवीकडून चावतेय असं दिसलं. मोबाईलचा टॉर्च लावून वरचा ओठ उचलला तर पुढच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ, आणि खाली डाव्या दाढेत तपकिरी खड्डा. हात गार पडले माझे.

ट्रेन बंद, जवळचे डेंटिस्ट फक्त इमर्जन्सी बघत होते कारण ड्रिल मशीनने तोंडातले तुषार हवेत उडतात. त्यात नातेवाईकांचं एकच, अगं दुधाचे दात, पडणारच आहेत. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, त्या आधीच गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि नवीन दाताची जागा अडते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी एक डॉक्टर मिळाल्या, पीपीई किटमध्ये, नुसते डोळे दिसत होते. ड्रिल न करता त्यांनी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध दाढेला लावलं, म्हणाल्या कीड थांबेल पण डाग काळा पडेल, चालेल का? मी लगेच हो म्हटलं. मग मला एवढंच विचारलं, दिवसातून किती वेळा खाते? किती खाते ते नाही, किती वेळा. दर वेळी गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात, लाळेला ते निवळायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे तो वेळ मिळतच नव्हता. रात्री तर लाळच कमी सुटते, त्यात ती बाटली. मी तिथे रडले. त्या ओरडल्या नाहीत, म्हणाल्या सध्या हे घरोघरी दिसतंय.

घरी आल्यावर बिस्किट बंद नाही केलं, जेवणाबरोबर द्यायला लागलो. बाटलीत आधी दुधात पाणी वाढवत नेलं आणि मग नुसतं पाणी. कॉलच्या वेळी सासूबाई तिला खिडकीत घेऊन बसायच्या, कावळे मोजायला. आणि रात्रीचा ब्रश नवऱ्याने घेतला, मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तिला मांडीवर आडवं घेऊन. तेवढा वेळ भाड्याचा विषय काढायचा नाही असं आमचं ठरलं होतं. ती आठ वर्षांची होईपर्यंत रोज त्यानेच घासले.

आता ती दाढ तिच्या वेळेला पडतेय. लेक दिवसभर जिभेने हलवत बसलीये आणि नवरा तिला सांगतोय, ओढू नकोस, आपली आपण पडू दे.