काचेवरचे शेरे

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका वाड्याच्या वाटणीची कागदपत्रे आमच्या वकिली कार्यालयात स्कॅन झाली आणि त्यांवर शेरे मारण्याचे काम माझ्याकडे आले. मोडीतील दोन वाटणीपत्रे, गुजराती खरेदीखते आणि वारसांची आधारकार्डे अशी १४० पाने ३०० डीपीआयवर दोन दिवसांत बिनबोभाट स्कॅन झाली. सॉफ्टवेअरमध्ये मी चतुःसीमेच्या ओळी पिवळ्या केल्या, मोडी ओळींशेजारी स्टिकी नोटमध्ये देवनागरी वाचन लिहिले आणि आधार क्रमांकांवर काळे चौकोन ओढून शेवटचे ४ अंक तेवढे उघडे ठेवले. काम देखणे झाले होते, हे मीच म्हणतो.

फाइल डाउनलोड करून पुण्यातील पक्षकार काकूंना पाठवली, तर तासाभरात त्यांचा फोन आला : "अहो भाऊ, तुम्ही पिवळे केले म्हणता ते कुठे आहे? इथे तर नुसतेच कागद आहेत." मी तीच फाइल उघडून पाहिली आणि हातपाय गार पडले, कारण पिवळ्याबरोबर काळे चौकोनही नाहीसे झाले होते आणि प्रत्येकाच्या आधारचे बाराही अंक उघडे होते. काकूंना ती फाइल पुसायला लावून मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत कक्षाला लिहिले.

पहिल्या दिवशी उत्तर आले की, "आमच्याकडे शेरे दिसत आहेत." दिसणारच, कारण ते फाइल सॉफ्टवेअरच्या आत उघडत होते! दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्राउझर बदलायला सांगितले, तिसऱ्या दिवशी कॅशे साफ करायला. मी ते निमूटपणे केले आणि मधल्या काळात काकूंना चार वेळा "उद्या पाठवतो" असे सांगितले. शेवटी वैतागून डाउनलोडच्या बाणाशेजारचा बारीक त्रिकोण दाबला, तेव्हा दोन पर्याय उघडले : 'मूळ फाइल' आणि 'टिपणांसह पीडीएफ'. नुसता बाण दाबला की मूळ फाइलच उतरते, एवढे एक वाक्य तीन दिवसांत कोणाला लिहिता आले नाही.

हे सॉफ्टवेअर शेरे स्कॅनवर लिहीतच नाही. ते वेगळे साठवून वरून दाखवते. तसबिरीच्या काचेवर लावलेले गंध चित्र बाहेर काढले की काचेवरच राहते, तसाच हा प्रकार आहे. दस्ताची प्रतिमा अबाधित राहावी म्हणून ही व्यवस्था योग्यच आहे, पण आधार क्रमांकासाठी ती निरुपयोगी. तिथे काळा चौकोन न ओढता 'रिडॅक्ट' ही आज्ञा वापरावी आणि तीही मूळ फाइलवर नव्हे, प्रतीवर, कारण तिने प्रतिमेतील अंक खरोखर पुसले जातात. त्याखालचा ओसीआर मजकूर, म्हणजे संगणकाने प्रतिमेतून वाचून साठवलेली अक्षरे, तीही गेली की नाही, हे तो क्रमांक शोधून तपासावे. मी आता दोनदा तपासतो.

'टिपणांसह' उतरवलेली प्रतही पाठवण्यापूर्वी एकदा छापून पाहावी. पीडीएफमध्ये शेरा हा पानापासून वेगळा घटक असू शकतो आणि त्याला छपाईची खूण नसेल, तर पडद्यावर दिसणारा शेरा कागदावर उमटत नाही. सपाट करून, म्हणजे 'फ्लॅटन' करून शेरे पानातच मिसळून घेतलेल्या प्रतीत हा धोका नसतो.

एक सांगायचे राहिलेच : आडवी स्कॅन झालेली पाने शेरे मारण्याआधी सरळ करून घ्यावीत. मी ती नंतर फिरवली आणि आमच्या सॉफ्टवेअरने शेरे होते तिथेच ठेवले, त्यामुळे ३७व्या पानावर उत्तरेच्या हद्दीचा पिवळा पट्टा साक्षीदाराच्या अंगठ्यावर जाऊन बसला.