खाऊन कमी कशी झाली?

गुरुवार, १९ जून. रात्री साडेदहा.

उद्या पालख्या शहरात येणार, त्यामुळे सुट्टी. म्हणून आज वही उघडली, नाहीतर जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर चहा करायचंही त्राण नसतं. घसा बसलेला असतो. यंदा मात्र बसलेला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

दरवर्षी मी पहिल्याच दिवशी धडाधड सुरू व्हायचे. नियम, वह्यांची यादी आणि लगेच 'भौमितिक रचना'. यंदा ठरवलं होतं की सोमवारपासून तीन दिवस पुस्तक उघडायचंच नाही. सातवीच्या पोरांना फक्त वर्गात यायची तालीम द्यायची. आत या, दप्तर बाकाखाली, वही काढा, तारीख घाला, फळ्यावरचे तीन प्रश्न सोडवायला लागा. हजेरी मी त्याच वेळात घेते. सोमवारी या सगळ्याला अकरा मिनिटं गेली. मंगळवारी "पुन्हा बाहेर जाऊन या" म्हटल्यावर पोरं हसत सुटली. आज चार मिनिटांत सगळ्यांची पेनं चालू. रोजची सात मिनिटं म्हणजे वर्षाचे किती तास होतात, याचा हिशेब टाचणवहीच्या मागच्या पानावर केला आणि थोडी लाजच वाटली. इतकी वर्षं ते तास ओरडण्यात गेले.

शेजारच्या तुकडीच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "अहो, आमच्या दोन रचना झाल्यासुद्धा." मी डबा उघडला.

ते तीन प्रश्न मुद्दाम सहावीतले असतात. पुस्तक मिटलेलं, गुण नाहीत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि आपण किती भराभर विसरतो ते १८८५ साली मांडलं. त्याला आपली मे महिन्याची सुट्टी माहीत असती तर बिचारा हबकला असता. पण नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा डोक्याला ताण देऊन आठवलेलं जास्त टिकतं, हे मी घरातच पाहते. किराण्याची यादी विसरून गेलं की दुकानात उभं राहून आठवलेल्या वस्तू पुढच्या महिन्यापर्यंत लक्षात राहतात.

आजचा पहिला प्रश्न: १/२ + १/३. बेचाळीस वह्यांमधल्या सव्वीसांत उत्तर २/५. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले, झालं! पूर्वीची मी असते तर खडू उचलून लसावि काढून मोकळी झाले असते. आज फळ्यावर २/५ तसंच ठेवलं आणि विचारलं, "अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्ला. आता अर्ध्यापेक्षा जास्त खाल्ली की कमी?"

आणि गप्प बसले. हेच सगळ्यात अवघड. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गांमधली बोलणी तपासली, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त बोलतात, आणि एरवी गप्प असणारीही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. वर्गात उभं राहून मोजून बघावं. पहिल्या बाकावरचा नेहमीचा हात वर आला, त्याच्याकडे न बघता खिडकीतून रिक्षावाल्यांचं भांडण बघत राहिले.

मागून, भिंतीजवळून आवाज आला. चार दिवसांत 'हजर' सोडून एक शब्द न बोललेला मुलगा.

"बाई, दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. खाऊन कमी कशी झाली?"

वर्ग फुटला हसून. तोही. मग पंधरा मिनिटं भाकरीचे तुकडे करण्यात गेली, आणि सारखे तुकडे केल्याशिवाय मोजता येत नाहीत हे त्यांचं त्यांनीच काढलं. छेद हा शब्द मी अगदी शेवटी उच्चारला.

सोमवारचे तीन प्रश्न अजून लिहायचेत. पहिला याच जातीचा ठेवते, पण भाकरी नको. पाण्याची बाटली.