वीस तासांचं वर्ष : माझा अनुभव

केप्लर-१० हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अकराव्या प्रतीचा, कालेय तारकासमूहात, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर. दिवाळीच्या सुट्टीत रात्रीची आवराआवर झाली की मी लॅपटॉप उघडायचे आणि त्याच्याभोवती फिरणारा ग्रह, केप्लर-१०बी, शोधायचे. ग्रह तिथे आहे हे ठाऊकच होतं. नासाच्या केप्लर दुर्बिणीला सापडलेला हा पहिला निर्विवाद खडकाळ बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह, जानेवारी २०११ मध्ये जाहीर झालेला. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी त्याचं नाव दरवर्षी घेते. पण त्याची खूण मला स्वतःच्या हातानं काढून बघायची होती.

केप्लर २००९च्या मार्चमध्ये अवकाशात गेली आणि दीड लाखावर ताऱ्यांकडे वर्षानुवर्षं टक लावून बसली. ग्रह ताऱ्यासमोरून गेला, म्हणजे अधिक्रमण झालं, की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. ती सगळी मोजमापं नासाच्या मास्ट संग्रहात कुणालाही फुकट मिळतात. पायथॉन या संगणकभाषेत लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज आहे, त्यानं ती उतरवता येतात. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं फोनवरून ते टाकून दिलं. दुर्बीण सौरपट्ट्या सूर्याकडे राहाव्यात म्हणून दर तीन महिन्यांनी वळायची, त्यामुळे माहितीही तिमाहीनुसार येते. मी दुसरी तिमाही घेतली.

पहिला आलेख पाहिला आणि काहीच कळेना. हजारो ठिपक्यांचा जाड पट्टा, हळूहळू वरखाली होणारा. शोधायचा खड्डा केवढा? उजेडाच्या दहा लाख भागांतले १५२ भाग. तोही पावणेदोन तास टिकणारा, आणि ठिपके साधारण अर्ध्या तासाला एक. म्हणजे एका खड्ड्याच्या वाट्याला जेमतेम तीन-चार ठिपके, आणि तेही आजूबाजूच्या नॉइजमध्ये, म्हणजे मोजमापातल्या अटळ थरथरीत, बुडालेले. एक खड्डा बघून कुणाला काही सांगता येणार नाही. तीन महिन्यांत असे शंभराहून जास्त खड्डे पडतात, ते एकावर एक ठेवले तरच दिसणार.

आधी तो वरखाली होणारा पट्टा सपाट करायचा. त्यासाठी ठरावीक वेळाच्या तुकड्यातला, म्हणजे विंडोमधला, कल काढून टाकायचा. इथे माझी पहिली चूक झाली. रेघ जितकी सपाट तितकं बरं, असं समजून मी विंडो अगदी लहान घेतली. आलेख सुरेख दिसायला लागला आणि ग्रह काही मिळेना. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी भाच्याला फोन केला.

"आत्या, विंडो किती ठेवलीयस?"

सांगितलं.

"अगं, मग खड्डासुद्धा सपाट झाला की तुझा!"

विंडो अधिक्रमणाच्या कालावधीपेक्षा बरीच मोठी हवी. मी ती दोन दिवसांची केली. ताऱ्याचे संथ चढउतार गेले, खड्डे राहिले.

पुढची पायरी आवर्तकाळ, म्हणजे ग्रहाच्या एका फेरीचा वेळ, शोधण्याची. संगणक एकेक काळ धरून आलेखाची घडी घालतो आणि कुठल्या घडीत खड्डा सगळ्यात ठसठशीत येतो ते बघतो. साडीची घडी नीट बसली की बुट्ट्यावर बुट्टा येतो, तसंच. नोंदवलेला आकडा न बघता शोधायचं असं मी ठरवलं होतं, आणि शोध एक दिवसापासून दहा दिवसांपर्यंत ठेवला. उत्तर आलं १.६७५ दिवस. घडी घातली, आणि आलेखाच्या बरोबर मधोमध खड्डा! पुसट, पण नक्की. मी खुर्चीतून उठलेच.

मग लक्ष टोकांकडे गेलं. आलेखाच्या डाव्या टोकाला रेघ खाली वाकत होती, उजव्या टोकालाही. कडेला काहीतरी बिघडलंय असं वाटून मी ते सोडून दिलं आणि झोपायला गेले. सकाळी धुतलेल्या चादरीची घडी घालताना दोन टोकं जुळवली आणि डोक्यात लख्ख झालं. ती दोन टोकं म्हणजे एकाच खड्ड्याचे दोन अर्धे होते. मी दुप्पट काळाची घडी घातली होती. खरा काळ त्याच्या निम्मा, ०.८३७५ दिवस, म्हणजे वीस तास आणि वर काही मिनिटं. वर्ष एका दिवसाहून लहान असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं, म्हणून संगणकालाही मी तिथे बघू दिलं नव्हतं. वर्गात हा आकडा मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल!

आता घडी चोख बसली. मधोमध एकच खड्डा, दुप्पट ठिपक्यांचा. दहा लाखांतल्या १५२ भागांचं वर्गमूळ काढलं, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या किती पट ते कळतं. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.०५६ पट धरली आणि ग्रहाची त्रिज्या आली पृथ्वीच्या १.४२ पट. शोधनिबंधातला आकडा १.४१६. वहीत तो आकडा मी दोनदा अधोरेखित केला.

तो खडकाळ आहे हे मात्र घरी बसून सांगता येत नाही. त्याला वस्तुमान लागतं, आणि ते हवाईमधल्या केक दुर्बिणीनं ग्रहाच्या ओढीमुळे होणारी ताऱ्याची बारीक डुगडुग मोजून काढलं. आधी पृथ्वीच्या साडेचार पट निघालं. पुढे ला पाल्मा बेटावरून आणखी मोजमापं झाली तेव्हा ते ३.३ पटींवर आलं. त्यानं घनताही उतरली आणि पृथ्वीच्या जवळ आली. हे खाली आणलेले आकडे मला फार मोलाचे वाटतात, वर्गात मी आता दोन्ही सांगते.

तारा या ग्रहापासून फक्त २५ लाख किलोमीटरवर आहे. बुध सूर्यापासून जितका लांब, त्याच्या वीस पटींहून जवळ. तिथल्या आकाशात तारा आपल्या सूर्याच्या साठपट रुंद दिसेल. ताऱ्याकडची बाजू १३०० अंश सेल्सिअसच्या वर, खडक वितळवणारी.

आता माझं लक्ष परत त्या टोकांकडे आहे. योग्य घडीत तिथे आणखी एक खड्डा असायला हवा, ग्रह ताऱ्याच्या मागे जातो त्या वेळचा, कारण तेव्हा तापलेल्या बाजूचा उजेड आपल्याला मिळेनासा होतो. तो दहा लाखांत दहा भागांहूनही कमी आहे. एका तिमाहीत त्याचा मागमूस नाही, म्हणून बाकीच्या उतरवायला लावल्यात. सध्या सहावी चालू आहे.