तुम्ही विचारलंत म्हणून : माफ करायला देवाला रक्त कशाला लागतं?

देव प्रेमळ आहे म्हणता, मग त्याने नुसतं माफ करावं. मध्ये बळी, रक्त, येशूचा वधस्तंभ कशाला? हा प्रश्न फार वेळा येतो, आणि तो प्रामाणिक आहे.

माझ्या मते निम्मी अडचण शब्दात आहे. मराठीत प्रायश्चित्त घेतो तो चुकलेला माणूस. उपास करून, दंड भरून तो स्वतः फेड करतो. मराठी बायबलने हाच शब्द मूळ हिब्रूतल्या ‘किप्पेर’ या शब्दासाठी घेतला, पण तिथे कर्ताच बदलतो. चुकलेल्यासाठी प्रायश्चित्त याजक, म्हणजे पुरोहित, करतो. शिवाय जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात (१७:११) देव म्हणतो की प्राण्याचा जीव रक्तात असतो आणि वेदीवर प्रायश्चित्तासाठी ते रक्त मीच तुम्हांला दिलं आहे. देणारा देवच असेल, तर रागावलेल्या देवाला माणसाने लाच द्यावी तसा हा प्रकार उरत नाही.

प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी लेवीयच्या १६व्या अध्यायात आहे, आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रमुख याजक स्नान करून साधी तागाची वस्त्रं घालतो. पहिला बळी त्याच्या स्वतःच्या आणि घराण्याच्या पापांसाठी : एक गोऱ्हा. मग लोकांसाठी आणलेल्या दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतात. एक बकरा कापतात आणि त्याचं रक्त पडद्याआड नेऊन कराराच्या कोशावरच्या (पवित्र पेटीवरच्या) दयासनावर, म्हणजे तिच्या झाकणावर, व त्याच्यासमोर शिंपडतात. कारण १६व्या वचनात दिलं आहे : लोकांच्या अशुद्धतेने पवित्रस्थान मळलं आहे. म्हणजे इथे रक्ताचं काम धुण्याचं आहे. त्यानंतर दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो, सगळ्यांची पापं कबूल करतो आणि त्याला अरण्यात सोडायला पाठवतो.

या दोन बकऱ्यांची सरमिसळ फार होते. ज्याच्यावर पापं कबूल केली, त्याला वेदीवर कापत नाहीत. एक धुतो, दुसरा वाहून नेतो. नव्या करारात ही दोन्ही कामं येशूकडे येतात : इब्री लोकांस पत्र त्याच्या रक्ताने होणाऱ्या शुद्धीबद्दल बोलतं, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२४) त्याने आमची पापं स्वतःच्या देहात वाहिली असं आहे.

‘रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही’ हे वचन (इब्री ९:२२) लोक अर्धंच सांगतात. त्याच वाक्यात आधी, नियमशास्त्राप्रमाणे ‘बहुतेक सर्व’ रक्ताने शुद्ध होतं, असं म्हटलं आहे. या ‘बहुतेक’ला कारण आहे. सामान्य माणसाच्या पापार्पणाला बकरी किंवा मेंढी लागे. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाचं सपीठ, तेल आणि धूप न घालता (लेवीय ५:११). त्यात रक्ताचा थेंबही नाही, तरी क्षमा होई. देवाला रक्ताची तहान आहे असं म्हणणाऱ्याने या सपिठाचा विचार करावा.

या व्यवस्थेला हद्दही होती. अर्पणं मुख्यतः अजाणता घडलेल्या पापांसाठी होती. उद्दामपणे केलेल्या पापाला गणना या पुस्तकात (१५:३०) अर्पणच सांगितलेलं नाही. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होणं अशक्य आहे, हे इब्री १०:४ स्पष्टच सांगतं. म्हणून याजक रोज उभा राहून तेच अर्पण पुन्हा करत राही, ख्रिस्ताने मात्र एकदाच अर्पण केलं आणि तो खाली बसला : काम पुरं झालं होतं.

सगळ्यात मोठी चूक इथे होते : रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला मारलं, अशी मांडणी. ती ख्रिस्ती शिकवण नव्हे. ‘देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता’ (२ करिंथ ५:१९). ज्याचं नुकसान झालं, तोच ते सोसतो. खऱ्या माफीत नेहमी हेच घडतं. बुडालेलं कर्ज माफ केलं की तोटा देणाऱ्याच्या अंगावर येतो.

हे नेमकं कसं घडतं, याची स्पष्टीकरणं मात्र अनेक आहेत. प्राचीन ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) मृत्यूवरचा विजय महत्त्वाचा वाटला, अन्सेल्म या मध्ययुगीन धर्मपंडिताने १०९८च्या सुमारास देवाच्या मानाचं देणं फेडण्याचा विचार मांडला, तर प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांनी आपली शिक्षा ख्रिस्ताने सोसली यावर भर दिला. निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे प्राचीन मंडळीच्या श्रद्धेच्या कबुलीत, ‘आमच्यासाठी’ एवढंच आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

मग माणसाने काय करायचं? दोषार्पणाचा नियम पाहा (लेवीय ६:१-७). फसवून घेतलेलं किंवा दाबून ठेवलेली ठेव मूळ मालकाला परत, वर पाचवा हिस्सा. शंभर घेतले असतील तर एकशेवीस. त्यासोबत मेंढा. नुसता मेंढा आणून भागत नसे. येशूनेही हा क्रम मोडला नाही : अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर (मत्तय ५:२३-२४). जकातदार जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायचं कबूल केलं, तेव्हा येशूने त्याच्याकडे मेंढा मागितला नाही. ‘आज या घराला तारण प्राप्त झालं आहे,’ असं तो म्हणाला.