पुण्याला जाऊन येते

लग्न होऊन मी पुण्याशेजारच्या पाषाण गावात आले ती १९८४ साली. माहेर पुण्यातल्या नाना पेठेतलं. पहिल्याच आठवड्यात मंडईला निघाले, तर सासूबाईंनी शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलं, "सूनबाई पुण्याला चाललीय हो, काही आणायचंय का?" मला नवल वाटलं. मग हळूहळू कळलं, इथल्या माणसांचं पुणं विद्यापीठाच्या चौकापलीकडे सुरू होतं. चौकाच्या अलीकडे ज्वारीची रानं, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी आणि राम नदी.

सासूबाईंच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग असत. एनसीएलच्या आधी आणि नंतर. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजेच एनसीएलचं, उद्घाटन केलं आणि गावाचं वळणच बदललं. आमचे सासरे तिथे काचकाम विभागात लागले. बैल हाकणारे हात बर्नरच्या ज्योतीवर काच वळवायला शिकले. शास्त्रज्ञांना हवा तसा चंबू, हव्या त्या वाकाची नळी ते फुंकून देत. घरी आल्यावरही त्यांचे गाल दुखत असायचे. त्यांनी उरलेल्या काचेचं केलेलं बोटभर बदक अजून आमच्या कपाटात आहे. मला त्या बदकाचा फार अभिमान आहे. पाषाणच्या विज्ञानाचा इतिहास लिहिताना अशा हातांबद्दलही कुणीतरी लिहायला हवं.

पुढे हवामानवाली संस्था आली, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा झाल्या, २००६ मध्ये आयसर ही विज्ञान शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था सुरू झाली. १९९७ साली गाव महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत संपली, नळाला पाणी आलं, रानांचे प्लॉट झाले. शेजारचं सूस गाव तर अगदी परवा, २०२१ ला महापालिकेत आलं.

या सगळ्यात माझा जीव अडकलाय तो राम नदीत. भूगावकडून, बावधनमधून ती येते, पाषाण तलावात विसावते, सोमेश्वराच्या देवळाजवळून वळते आणि बाणेरच्या पुढे मुळेला मिळते. लग्नानंतर पाच-सहा वर्षं मी तिच्यावर धुणं धुतलंय. खाली वाळू दिसायची, पायाला मासे टोचायचे. मग सांडपाणी मिसळलं, तलावावर जलपर्णी पसरली आणि आम्ही बायका नदीवर जायच्या थांबलो. कुणी बंदी घातली नव्हती. एक एक घागर, एक एक बादली घरातच राहू लागली, एवढंच. नदी हातची गेली ती अशी, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. काही तरुण मुलं-मुली रविवारी काठावरचा कचरा उचलतात. मी जमेल तेव्हा जाते, पोती धरते.

महाशिवरात्रीला सोमेश्वराला पहाटेपासून रांग लागते. यंदा रांगेत पुढच्या आजी नातीला सांगत होत्या, "उद्या पुण्याला जाऊ, तुला चप्पल घेऊ." मी त्यांना नाव विचारलं. सासूबाईंच्या धुण्याच्या सोबतीण निघाल्या. दर्शन झाल्यावर आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो आणि आमचा दगड कुठे होता ते बराच वेळ शोधत राहिलो.