स्वल्प दूर

टेनिसमध्ये बॉल लांब पडला म्हणून चुकणारे थोडे, अंगावर आला म्हणून चुकणारे जास्त. बघणाऱ्याला मात्र उलटंच वाटतं. कोपऱ्यातल्या बॉलमागं धावणारा माणूस नजरेत भरतो, त्याची धाप ऐकू येते, कुणीतरी त्याला शाबासकीही देतं. आणि ज्याच्याकडं बॉल निवांत चालत आला, तो बरगडीला कोपर चिकटवून, मान आखडून, फोरहँडच्या नावाखाली तव्यावरची भाकरी उलटल्यासारखं काहीतरी करतो. बॉल नेटमध्ये. मग तो रॅकेटच्या तारांकडं रोखून बघतो. तारांचा काही दोष नसतो. त्याच्याजवळ वेळ होता, जागाही होती. ती जागा त्यानं दोन पावलं जादा टाकून स्वतःच खाल्ली.

आमच्या बेळगावात या रोगाचं मूळ क्रिकेटमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. चाळिशी उलटल्यावर टेनिस कोर्टावर येणारा माणूस लहानपणी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर, नाहीतर गल्लीत बॅट घेऊन वाढलेला असतो. तिथं त्याला बजावलेलं असतं की टप्प्यापाशी जा, पुढचा पाय बॉलजवळ टाक, बॅट-पॅडमध्ये फट ठेवू नको. सरळ बॅटसाठी ते बरोबरच आहे. बॅट डोळ्यांखाली लोंबते, बॉल जितका जवळ तितकी ती सरळ येते. रॅकेट बाजूनं फिरते. नेहमीची रॅकेट 27 इंचांची, म्हणजे 68.6 सेंटीमीटर, आणि तिच्यामागं अख्खा हात. हात पुरता लांबवला तर तारांचा मधला भाग खांद्यापासून मीटरभर लांब जातो. कोपर वाकवलं तरी अंगापासून बरंच अंतर सुटतं. बॉल भेटायला हवा तिथं. आणि आमचा माणूस टप्प्याशेजारी पाय रोवून कव्हर ड्राइव्हच्या तयारीत. टप्पा पडून बॉल उसळतो तो थेट पोटाकडं.

(क्रिकेटमध्येही हात मोकळे करायला जागा लागते, स्क्वेअर कट मारणाऱ्याला विचारा. पण आपल्याकडं कटच्या आधी डिफेन्स शिकवतात, आणि आधी शिकलेलं काही केल्या अंगातून जात नाही.)

आमचे मार्करमामा, म्हणजे क्लबात बॉल टाकून खेळवून घेणारे मामा, यांची यावर एकच आरोळी असते, 'स्वल्प दूर, साहेब, स्वल्प दूर!' म्हणजे जरा लांब. समोर मराठी आहे की कन्नड हे न बघता ते ती सगळ्यांना सारखीच ऐकवतात, आणि कळतेही सगळ्यांना. पंचाईत एवढीच, की आरोळी कानावर पडेपर्यंत टप्पा पडून गेलेला असतो. बेसलाइनपासून बेसलाइनपर्यंत, म्हणजे या टोकाच्या रेघेपासून त्या टोकाच्या रेघेपर्यंत, कोर्ट 23.77 मीटरचं. ताशी 60 किलोमीटरच्या सरासरीनं आलेला बॉल एवढं अंतर दीड सेकंदात कापतो. त्यातला टप्प्यानंतरचा भाग अगदीच थोडा. तेवढ्यात मागं सरायला गेलं की वजन टाचांवर जातं, छाती आभाळाकडं होते आणि बॉल पलीकडच्या जाळीवर. अंतर ठरतं ते टप्प्याच्या आधी. समोरच्याच्या रॅकेटवरून बॉल सुटला, त्या क्षणी खांदे वळायला हवेत आणि पाय चालू व्हायला हवेत. मागून केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नसते, पळापळ असते.

हे कळायला मला कुठल्या पुस्तकानं नव्हे, कोर्टाच्या मातीनं मदत केली. लाल मातीच्या कोर्टावर सकाळी पाणी मारून ब्रश फिरवला की ते पाटीसारखं कोरं होतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात कोण कसं खेळलं ते त्यावर उमटतं. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते खेळतात त्या बाजूला लांब-लांब ढांगा दिसतात आणि शेवटी एक खोल खड्डा. सगळी धाव त्या एका पावलात येऊन थांबलेली. पलीकडच्या बाजूला एक शाळकरी पोरगी खेळते. तिचेही सुरुवातीचे ठसे लांबच असतात. मग ते आखूड होत जातात, आणि जिथून तिनं फटका मारला तिथं नुसती गिजबिज, चिमणीनं दाणे टिपावेत तशी. पाच-सहा बारीक पावलं, कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, काही कळत नाही. त्या बारीक पावलांतच तिचा फोरहँड आहे. बॉल इकडं चार बोटं सरकला तर तीही चार बोटं सरकते. काकांची ढांग दोन फुटांची, त्यामुळं चार बोटांची दुरुस्ती त्यांच्याकडं नाहीच.

'बॉलकडं बघा' हा टेनिसमधला सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त भाव मिळालेला सल्ला. बघायला कुणाची ना आहे? पण डोळे जिकडं, तिकडं पाय ओढले जातात. नुसतं बॉलकडं टक लावणारा बॉलवरच जाऊन आदळतो. शिवाय डोळे बॉलला चिकटून राहतात हेही तितकंसं खरं नाही. मायकल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या दोन संशोधकांनी फलंदाजांची नजर मोजून 2000 साली निष्कर्ष छापले. फलंदाज हातातून सुटणारा बॉल बघतो आणि नंतर त्याची नजर बॉलला सोडून पुढं, टप्पा जिथं पडेल त्या जागेवर उडी मारते आणि तिथं बॉलची वाट बघते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते. टेनिसमधलं अंतरही असंच आधी जाऊन बसण्याचं काम आहे. बॉल आत्ता कुठं आहे यापेक्षा तो कमरेच्या उंचीला कुठं सापडेल, हे ज्याला लवकर दिसलं त्याचे पाय आपोआप वेळेवर थांबतात.

त्या पोरीला मामांनी यासाठी फटका मारूच दिला नव्हता. रॅकेट बाकावर ठेवायची, मामा बॉल टाकणार, तिनं टप्पा पडलेला बॉल उजव्या हातानं झेलायचा. पण अंगाजवळ नव्हे. हात बाजूला आणि किंचित पुढं लांबलेला असताना. पोटाशी झेललेला बॉल बाद. तिच्या आईला वाटलं, फी घेऊन कॅच-कॅच खेळवायलेत. नंतर डावा हात आला. खांदे वळवताना डावा हात आडवा, बेसलाइनला समांतर धरायचा. बॉल त्या हाताच्या आत शिरायला लागला की समजायचं, जवळ आलो. मोठी माणसं हा हात खिशात विसरल्यासारखा खाली सोडून देतात. सांगितलं तर दोन फटके धरतात, तिसऱ्याला विसरतात.

बरं, एकदा अंतर सापडलं म्हणून ते कायमचं आपलं होत नाही. फेडरर आणि नदाल फोरहँड मारताना कोपर जवळजवळ सरळ करत, त्यामुळं त्यांचा बॉल अंगापासून लांब आणि बराच पुढं भेटायचा. जोकोविचचं कोपर वाकलेलं, तो बॉल जरा जवळ घेतो. कुणाचं खरं, हा वाद आमच्या बाकावर अजून मिटलेला नाही. मुद्दा असा की आपला हात कुठल्या जातीचा हे आधी ओळखावं लागतं. जोकोविचच्या हातानं नदालचं अंतर ठेवलं तर बॉल फ्रेमच्या टोकाला लागतो. दोन हातांच्या बॅकहँडला तर फोरहँडपेक्षाही जवळ यावं लागतं, कारण दुसरा हात तितका लांब पोचत नाही. म्हणजे एकाच माणसाला उजवीकडं एक माप आणि डावीकडं दुसरं. टॉपस्पिनचा, म्हणजे पुढच्या दिशेनं गरगरणारा बॉल टप्प्यानंतर खांद्यावर चढतो, स्लाइसचा, म्हणजे उलटा गरगरणारा, घसरत घोट्याशी येतो.

त्यात बॉल जुना की नवा हे आहेच. नियमाप्रमाणे नवा बॉल 254 सेंटीमीटरवरून सोडला की 135 ते 147 सेंटीमीटर उसळायला हवा. आमचे बॉल महिनाभर वापरलेले, मऊ पडलेले. त्यामुळं कुणी दिलदारपणे नवा डबा फोडला की पहिली दहा मिनिटं सगळेच चुकतात आणि डबा आणणाऱ्यालाच शिव्या बसतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. हवा किंचित विरळ, म्हणून पणजीहून कुणी पाहुणा आला की 'तुमच्याकडं बॉल पळतो' म्हणतो. उंचावरच्या गावांसाठी वेगळे बॉल असतात, पण ते 1219 मीटरच्या वर. तिथवर आम्ही काही पोचत नाही. मेच्या अखेरीस वळीव बरसून गेला की उलटा प्रकार. माती ओली, बॉलचे केस फुललेले, तो जड होऊन खाली बसतो आणि सगळ्यांना एक पाऊल पुढं यावं लागतं. जूनपासून तर प्रश्नच नाही. इथल्या पावसात मातीचं कोर्ट ऑक्टोबरपर्यंत बेडकांचंच.

काकांना यातलं काही पटत नाही. त्यांच्याकडं एकच हुकमी पत्ता आहे, रोहन बोपण्णा. कोडगूचा, म्हणजे आमच्याच राज्यातला (राज्य कुठलं हा विषय सीमाभागात सकाळी सहा वाजता कुणी काढत नाही). 2024 च्या जानेवारीत मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला आणि वयाच्या 43व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. तेव्हा वयाचं आणि पायांचं काही सांगू नका, असा काकांचा युक्तिवाद. त्रेचाळीस आणि अडुसष्ट यांतला फरक कुणी काढला तर ते कानाचं मशीन नीट करायला लागतात.

मध्यंतरी त्यांनी मुलाकरवी पुण्याहून नवी रॅकेट मागवली, अर्धा इंच लांब. नियमात बसते, 73.7 सेंटीमीटरपर्यंत परवानगी आहे. बॉल हाताला येत नाही म्हणजे रॅकेट कमी पडते, असं त्यांचं निदान. मामांनी रॅकेट हातात घेऊन उलटीपालटी केली, तोलून बघितली आणि म्हणाले, 'झकास आहे, काका. आता अजून अर्धा इंच दूर.'

तेव्हापासून काका दुहेरीत नेटवरच उभे राहतात. व्हॉलीला टप्पा नाही, टप्प्याचा हिशेब नाही, आणि लांब रॅकेट तिथं खरोखरच कामाला येते. फक्त सर्व्हिस परत करायला बेसलाइनवर जायची वेळ आली की ते जोडीदाराकडं बघून म्हणतात, 'हा तू घे की.' सेट संपेपर्यंत रिसीव्हरच्या बाजू बदलता येत नाहीत, हे त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं.